तिसरा बेल्ट

अलास्कात पोस्टिंग मिळालं तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, आणि थंडी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. मिशिगनमध्ये नोव्हायला आमचं घर होतं. ड्राइव्हवेवरचा बर्फ दर हिवाळ्यात मीच उपसायचो. फेअरबँक्सच्या विमानतळाबाहेर मी पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस टाचण्यांसारखे ताठ झाले. माझी समजूत तिथेच संपली. हा ऐंशीच्या दशकाचा मध्य होता.

आता मंडळाच्या गणपतीत मुलं मला विचारतात, "काका, वेअर यू इन अ वॉर?" मी नाही म्हणतो. मुलांचा उत्साह मावळतो आणि ती जेवणाच्या रांगेकडे वळतात. त्यांचं बरोबर आहे. मी शत्रू पाहिला नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळ काय पाहिलं असेल, तर स्नोमोबिलचा क्लच. पण त्या क्लचपाशी मला एक माणूस भेटला. त्याच्याबद्दल सांगायचं राहून गेलं तर माझ्यासारखा कृतघ्न मीच.

माझं नाव विजय रणदिवे. बाबा एका मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आम्ही तासगावहून मिशिगनला आलो तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पुढे मी इंजिनिअरिंगचे तीन सेमिस्टर कसेबसे काढले आणि एका मंगळवारी सैन्यभरतीच्या ऑफिसात जाऊन सही करून आलो. बाबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर बोलले ते कामापुरतं. आई रडली आणि मग भडंग पाठवायला लागली. अलास्कात दर महिन्याला एक खोकं यायचं. छातीवरच्या नावाच्या पट्टीवर 'रणदिवे' लिहिलेलं होतं. बराकीने पहिल्या आठवड्यात त्याचं 'रँडी' केलं.

इन्फंट्री कंपनीच्या मोटर सेक्शनमध्ये मी प्रायव्हेट फर्स्ट क्लास होतो. आमच्याकडे सहा स्नोमोबिल होत्या, पुढे स्की आणि मागे रुंद रबरी ट्रॅक असलेल्या बर्फावरच्या गाड्या. अलास्कात त्यांना स्नो-मशीन म्हणतात, आम्ही नुसतं मशीन म्हणायचो. ०५:३० ला उठणं, ०६:१५ ला मोटर पूल, म्हणजे वाहनांचं आवार, ०७:०० च्या आत सहाही इंजिनं सुरू. मशीनच्या मागे सामानाची लांब स्लेज, म्हणजे बिनचाकांची घसरगाडी, जोडायची आणि झाडीतून तंबू, स्टोव्ह, दारूगोळा ओढत न्यायचा. जिथे ट्रक जात नाही तिथे कंपनीचं पोट आमच्या मशीनवर चालायचं.

सेक्शनचे प्रमुख होते स्टाफ सार्जंट डेल मॅकी. वय छत्तीस, वजन दोनशे वीस पौंड, आवाज अगदी हळू. तेही मिशिगनचे, पण वरच्या भागातले, मोठ्या पुलाच्या पलीकडचे. तिथले लोक पुलाच्या खालच्या मिशिगनकरांना 'ट्रोल' म्हणतात, गोष्टीतला पुलाखाली राहणारा राक्षस. मी नोव्हायचा आहे असं कळलं त्या दिवसापासून मॅकींनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. आईचा भडंग मात्र ते मूठमूठ खायचे आणि तिखटाने डोळ्यांत पाणी आलं की म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, हे जिनिव्हा करारात बसत नाही."

मशीनमध्ये गिअर नसतो. इंजिनाच्या शाफ्टवर एक क्लच आणि मागे ट्रॅककडे दुसरा. प्रत्येक क्लच म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन उतरत्या चकत्या, आणि दोन्ही क्लचना जोडणारा रबराचा एक जाड बेल्ट. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या चकत्या जवळ येऊन बेल्टला चिमटतात, बेल्ट वर चढतो आणि मशीन पळतं. बेल्टने घट्ट धरायचंही असतं आणि वेळेवर सरकायचंही असतं. यातलं एक जरी बिघडलं तरी घर्षण वाढतं, क्लच तापतो, आणि तापलेला क्लच बेल्ट खातो.

मॅकींची परीक्षा सोपी होती. थांबलं की इंजिन बंद करायचं, हूड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडायचं, हातमोजा काढायचा आणि पुढच्या क्लचवर तळवा ठेवायचा. पाच मोजेपर्यंत हात ठेवता आला तर पुढे चालायचं. नाही ठेवता आला तर थांबून कारण शोधायचं.

त्यांची दुसरी सवय सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. जादा बेल्ट ते टूल बॉक्समध्ये ठेवत नसत. तो पार्क्याच्या, म्हणजे टोपीवाल्या जाड कोटाच्या आत, शर्टावर, पोटाभोवती गुंडाळलेला असायचा. उणे चाळीसला टूल बॉक्समधला बेल्ट लाकडासारखा होतो. तो वाकत नाही, वाकवला तर तडकतो. अंगावरचा बेल्ट दोन मिनिटांत चढतो. "मॅकी दोन-दोन बेल्ट लावतात तरी पँट खालीच," असं आम्ही म्हणायचो, अर्थात त्यांच्या पाठीमागे. सगळ्या ड्रायव्हरनी बेल्ट अंगावर बाळगावा असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. मला तो टोचायचा. माझा बेल्ट टूल बॉक्समध्येच असायचा.

जानेवारीत दहा दिवसांचा युद्धसराव ठरला. निघायच्या आदल्या सोमवारी मी मशीन तपासत होतो. भरलेली स्लेज ओढताना बेल्ट घसरत होते. नवे बेल्ट होते. ते आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे आणि थोडे हळू चालवून मुरवायचे, हे मला शिकवलेलं होतं. पण सहा मशीन होती, वेळ कमी होता आणि मॅकी दिवसभर ब्रीफिंगला गेले होते. मला तासगावची गिरणी आठवली.

माझ्या थोरल्या काकांची पिठाची गिरणी होती. मोटरपासून जात्यापर्यंत लांब चपटा पट्टा फिरायचा. तो घसरायला लागला की काका राळेची वडी चालत्या पट्ट्याला टेकवायचे. पट्टा लगेच पकड घ्यायचा आणि पीठ पुन्हा धो धो पडायला लागायचं. लहानपणी मला वाटायचं, जगात याहून हुशारीचं काम नाही.

मोटर पूलच्या कपाटात कंपनीचं सॉफ्टबॉलचं सामान होतं. त्यात पिचरच्या हाताला पकड यावी म्हणून राळेच्या भुकटीच्या दोन पिशव्या होत्या. मी दोन्ही फोडल्या. सहाही मशीनच्या बेल्टना आणि चकत्यांना राळ चोळली. मग एक मशीन भरलेल्या स्लेजसह मैदानात फिरवून आणलं. घसरणं पूर्ण बंद. काकांची फार आठवण आली. मी कुणालाच काही सांगितलं नाही. आधी सगळे मशीनचं कौतुक करतील, मग आपण गुपित सांगू, असा माझा बेत होता.

सरावाच्या दुसऱ्या दिवशी मला मशीन चारच्या हुडाखालून जळक्या रबराचा वास आला. मी हूड उघडलं. चकत्यांवर मधासारखा तपकिरी थर दिसला. मी हूड बंद केलं.

तिसऱ्या दिवशी ११:१० ला प्रायव्हेट ऑर्टेगा तंबूच्या जागेवरचं वाळलेलं झाड तोडत होता. टेक्सासचा पोरगा, आमच्यात सर्वांत बडबड्या. झाड पडताना बुंधा मागे उसळला आणि त्याच्या मांडीवर आदळला. मांडीचं हाड मोडलं. आमचा मेडिक स्पेशलिस्ट फिंच दोन मिनिटांत पोहोचला. त्याने पाय बांधला, स्लीपिंग बॅगमध्ये ऑर्टेगाला गुंडाळलं आणि मॅकींना बाजूला घेतलं.

"आत रक्तस्राव होतोय, सार्जंट. मला इथे काही करता येणार नाही."

"किती वेळ आहे?"

"तीन तास म्हणा. या थंडीत कमीच."

तापमान उणे एकोणचाळीस होतं. त्या आकड्यापाशी फॅरनहाइट आणि सेल्सिअस जवळपास सारखेच होतात, कुठल्याही मापाने वाईटच. ढग झाडांच्या शेंड्यांवर टेकले होते, हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. एड स्टेशन, म्हणजे डॉक्टरांचा तंबू, चौदा मैलांवर, रस्ता जिथे संपतो तिथे होतं. त्यांची गाडी झाडीत शिरू शकत नव्हती. आमची पाच मशीन पुढच्या प्लाटूनबरोबर डोंगरापलीकडे गेली होती. कॅम्पवर एकच उरलं होतं, मशीन चार.

मॅकींनी रेडिओ उचलला. "बेस, धिस इज सिएरा फोर. एक जखमी, स्ट्रेचरवर. निघतोय. ओव्हर."

"सिएरा फोर, बेस. डॉक्टर तयार आहेत. आऊट."

११:४२ ला निघालो. मॅकी चालवत होते, मी त्यांच्या मागे, स्लेजवर ऑर्टेगा आणि स्लेजच्या मागच्या पट्टीवर उभा फिंच. ऑर्टेगाची बडबड चालूच होती. खड्डा आला की तो स्पॅनिशमध्ये शिव्या द्यायचा. फिंच ओरडून म्हणाला, "देत राहा! मला ऐकू येऊ दे!"

चौथ्या मैलावर चढ होता. १२:०५ ला हुडाखाली फाडकन आवाज झाला आणि मशीन थांबलं. बेल्ट फाटून त्याचे दोरे क्लचभोवती गुंडाळले गेले होते. मॅकींनी सुरीने दोरे कापले. मी टूल बॉक्समधला जादा बेल्ट काढला. तो कवडीसारखा कडक होता. सायलेन्सरच्या उष्णतेवर फिरवून फिरवून तो वाकण्याजोगा केला. त्यात बारा मिनिटं गेली. ती बारा मिनिटं ऑर्टेगाची होती. मी तो बेल्ट अंगावर ठेवला असता तर ती वाचली असती.

बेल्ट चढवताना मॅकींनी चकत्यांवर बोट फिरवलं. "चकत्या कधी साफ केल्यास, ट्रोल?"

"सोमवारी, सार्जंट."

खोटं नव्हतं. राळ लावण्याआधी मी त्या पुसल्या होत्या. पण खरंही नव्हतं, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. मांडी मोडलेला माणूस सहा फुटांवर पडलेला असताना मी माझी कातडी वाचवत होतो. आज इतक्या वर्षांनीही ते दोन शब्द आठवले की मला माझी लाज वाटते.

१२:१९ ला पुन्हा निघालो. दोन मैलांत वास सुरू झाला. सातव्या मैलावर हुडाच्या फटीतून धूर आला, आणि १२:३८ ला दुसरा बेल्ट गेला.

मॅकींनी हूड उघडलं आणि हातमोजा काढून हात पुढे नेला. टेकवण्याआधीच त्यांनी तो मागे घेतला. एकसुद्धा मोजता आलं नाही. झाडावरून बर्फाचा भुगा क्लचवर पडला तो चर्र करून उडाला. त्यांनी गुडघ्यावर बसून इंजिनाचे माउंट हलवून पाहिले, दोन्ही क्लच एका रेषेत आहेत का ते पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

"सात मैलांत दोन बेल्ट," ते स्वतःशीच म्हणाले. "काहीतरी यांना खातंय."

मग त्यांनी पार्क्याची चेन खाली ओढली, आत हात घातला आणि पोटावरचा बेल्ट काढला. त्याच्यातून वाफ निघत होती. तो तिसरा होता. त्यानंतर आमच्याकडे एकही नव्हता. पुढे सात मैल होते.

फिंच म्हणाला, "सार्जंट, ऑर्टेगाने शिव्या द्यायचं थांबवलंय."

मॅकी बेल्ट घेऊन क्लचवर वाकले. मी त्यांचं मनगट धरलं. प्रायव्हेटने स्टाफ सार्जंटचं मनगट धरायचं नसतं.

"नको, सार्जंट. हाही जाईल. चकत्यांवर राळ आहे. मी लावली."

"राळ?"

"सॉफ्टबॉलच्या पिशवीतली. बेल्ट घसरत होते म्हणून. आमच्या गिरणीत पट्ट्याला लावतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओरडा खायला तयार होतो, थप्पड खायलाही तयार होतो.

"किती मशीनना?"

"सहाही."

त्यांनी बेल्ट परत पार्क्यात घातला, चेन लावली आणि रेडिओ उचलला. "सर्व सिएरा, धिस इज सिएरा फोर. मशीन जिथे असतील तिथे थांबवा. बेल्ट उतरवा. चकत्यांवर राळ आहे. स्टोव्हच्या पेट्रोलने पुसल्याशिवाय कुणीही हलायचं नाही. अ‍ॅकनॉलेज."

एकेक करून पाच आवाज आले. पाचव्याने म्हटलं, "सिएरा फोर, राळ कुठून आली? ओव्हर."

"नंतर," मॅकी म्हणाले. "आऊट." आणि मला म्हणाले, "आता साफ कशी करायची ते सांग. राळ तुझी आहे."

मी सांगितलं. राळ गरम असेपर्यंत मऊ असते, गार झाली की काचेसारखी होते. म्हणून आधी गरम असतानाच खरवडायची. पेट्रोल मात्र क्लच हाताला सोसेल इतका निवल्यावरच, नाहीतर भडका. हे काकांकडून शिकलो होतो. काका महिन्यातून एकदा गिरणीच्या चाकावरची जुनी राळ काढायचे आणि तेव्हा विडी ओढणाऱ्याला बाहेर घालवायचे. अर्धीच विद्या घेऊन आलो होतो, उरलेली अर्धी त्या झाडीत आठवली.

मॅकींनी टॉर्च धरला. मी सुरीच्या पाठीने खरवडलं, माझ्या सुट्या मोज्यांनी पुसलं. उजव्या तळव्याला चटका बसला, तो मला रात्री कळला. मग हात ठेवून मोजलं. तीन. थांबलो. पुन्हा मोजलं. पाच. फिंचच्या स्टोव्हचं पेट्रोल, पॉलिश पेपर, पुन्हा पेट्रोल. चकत्यांवर राखाडी धातू दिसायला लागला. पोटाशी गरम राहिलेला बेल्ट मॅकींनी मागच्या क्लचच्या चकत्या फाकवून एका झटक्यात चढवला. १३:०४ झाले होते.

मी मागच्या सीटवर बसायला गेलो.

"पुढे बस," मॅकी म्हणाले. "तू चालवणार."

"आणि तुम्ही, सार्जंट?"

"मी दोनशे वीस पौंड. जोर लावताना बेल्ट तापतो. मी उतरलो की त्याला तेवढं ओझं कमी." ते स्लेजवरचे स्नोशू, बर्फात न रुतता चालायचे जाळीचे तळवे, सोडवत होते. "तुमच्या मागावरून चालत येईन."

सात मैल, उणे एकोणचाळीस, एकटे, रेडिओ नाही, आणि पोटावर आता बेल्टही नाही. एकट्याने निघायचं नाही हा नियम आम्हाला त्यांनीच घोकून घेतला होता.

"मी उतरतो, सार्जंट. चूक माझी आहे."

"तू एकशे चाळीस पौंड. उतरून काय वाचवणार आहेस? शिवाय हा क्लच आता तुझ्याइतका कुणालाच माहीत नाही." त्यांनी माझ्या हेल्मेटवर टिचकी मारली. "पंधराच्या वर नको, आठच्या खाली नको. दर दोन मैलांना मोज. जा, ट्रोल."

मी गेलो. मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर वेग कमी झाला असता. नवव्या मैलावर थांबून हात ठेवला. पाच. अकराव्या मैलाआधी मोठा चढ होता, वर पोहोचून मोजलं तर चारलाच हात उचलावा लागला. हूड उघडं ठेवून दोन मिनिटं थांबलो. त्या दोन मिनिटांत फिंच ऑर्टेगाशी बोलत होता, त्याच्या आईबद्दल, टेक्सासच्या उन्हाबद्दल, जे सुचेल ते. ऑर्टेगा उत्तर देत नव्हता. पुन्हा मोजलं. पाच.

१४:०६ ला एड स्टेशनचा तंबू दिसला. चार जणांनी स्लेज उचलली आणि आत नेली. दार बंद झालं. फिंच आत गेला. मी बाहेर उभा राहिलो. माझ्याजवळ करण्यासारखं एकच काम उरलं होतं. स्लेज सोडवलेली होती, टाकीत पेट्रोल होतं. मी मशीन वळवलं.

साडेतीन मैलांनंतर ते दिसले. पार्क्याची टोपी पांढरी, भुवया पांढऱ्या, एका लयीत चालत होते. मी मशीन थांबवलं. ते जवळ आले, पण बसले नाहीत. आधी हूड उघडलं, हातमोजा काढला, क्लचवर तळवा ठेवला आणि मोठ्याने मोजलं, "वन. टू. थ्री. फोर. फाइव्ह."

मग हूड लावलं. "ऑर्टेगा?"

"पोहोचला, सार्जंट."

"गुड." ते माझ्या मागे बसले. मशीन खाली दबलं. त्यांचा डावा कान मेणासारखा झाला होता. "हळू ने. घाई संपली."

ऑर्टेगा जगला. पायही राहिला. चार महिन्यांनी तो काठी टेकत कंपनीत निरोप घ्यायला आला आणि अर्धा तास बोलत होता. आता डॅलसजवळ प्लेनोला असतो. दर जानेवारीत त्याचा फोन येतो. "रँडी, मॅन, स्टिल वॉकिंग," एवढं सांगतो आणि मग तासभर बोलतो. त्याला राळेची गोष्ट मीच सांगितली होती, हॉस्पिटलमध्ये, पलंगाशी उभा राहून. तो म्हणाला, "म्हणजे मी पिठाच्या गिरणीमुळे मरणार होतो?" आणि हसला. त्या हसण्याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी आहे.

रविवारी नोव्हायला फोन केला. बाबांनी उचलला. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"अरे, गिरणीचा पट्टा फ्लॅट असतो, एकाच स्पीडला फिरतो," ते शेवटी म्हणाले. "तुझा बेल्ट सारखा शिफ्ट होतो. त्याला स्लाइड व्हायला मिळालं पाहिजे. तू त्याला ग्लू केलंस. बेसिक आहे हे." मग म्हणाले, "पण तू स्वतः सांगितलंस ना त्यांना?"

"हो बाबा. दुसरा बेल्ट गेल्यावर."

"पहिल्यानंतर नाही?"

"नाही."

"हं." लाइनवर खरखर होती. "पुढच्या वेळी पहिल्यानंतर. जेवतोस ना नीट? आई विचारतेय, भडंग अजून पाठवू का? ते तुझे सार्जंट खातात म्हणालास."

दोन वर्षांनी त्यांनी मला जेवतोस का म्हणून विचारलं होतं. फोन ठेवल्यावर मी बूथमध्येच थोडा वेळ उभा राहिलो.

शिक्षेची वाट पाहत होतो, ती आली नाही. सराव संपला त्या सोमवारी सहाही मशीनची जबाबदारी माझ्या नावावर लागली. मॅकी राळेबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. फक्त सॉफ्टबॉलचं सामान त्यांनी स्वतःच्या लॉकरमध्ये हलवलं आणि कुलूप लावलं. उन्हाळ्यात मॅचच्या वेळी ते स्वतः काढून द्यायचे आणि माझ्याकडे बघत परत ठेवायचे. माझी पक्की समजूत झाली, की त्यांनी माझी चूक पोटात घातली. मी तेव्हापासून जादा बेल्ट पोटावर बांधायला लागलो. टोचायचा. सवय झाली. नवीन ड्रायव्हर आमच्या दोघांची चेष्टा करायला लागले.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, नदी ओलांडताना एका ड्रायव्हरचं मशीन बर्फ फुटून पाण्यात गेलं. मॅकी मागच्या मशीनवर होते. ते फुटक्या बर्फावर पोटावर सरपटत गेले आणि त्यांनी त्या ड्रायव्हरला घट्ट बर्फावर ढकललं. त्यांच्या वजनाने बर्फाची कड तुटली आणि ते खाली गेले. १५:२० ला मला रेडिओवर कळलं. मी तेव्हा मोटर पूलमध्ये क्लच पुसत होतो. मी तो पुसून पूर्ण केला. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

निरोपाचा कार्यक्रम ड्रिल हॉलमध्ये झाला. समोर त्यांचे बूट, उभी रायफल, वर हेल्मेट. हजेरी घेतली गेली. माझं नाव आलं, मी "हिअर" म्हणालो. मग रिवाजाप्रमाणे त्यांचं नाव तीनदा पुकारलं. हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि हीटरचा आवाज ऐकू येत होता.

नंतर मी आमचे कंपनी कमांडर, कॅप्टन ब्रुअर यांना गाठलं. ती गोष्ट मनात ठेवायची माझी ताकद संपली होती.

"सर, ऑर्टेगाच्या दिवशी बेल्ट माझ्यामुळे गेले. राळ मी लावली होती. सार्जंट मॅकींनी मला झाकलं. हे त्यांच्या नावावर राहू नये."

कॅप्टननी विचारलं, "तुला असं वाटत होतं?"

"येस सर."

"रँडी, त्या दिवशी कानाला पट्टी बांधून घेण्याआधी मॅकी माझ्या तंबूत आले. राळ तू लावलीस हे सांगितलं. पहिल्या बेल्टच्या वेळी तू गप्प बसलास तेही सांगितलं."

"मग मला मशीन कशी मिळाली, सर?" मी विचारलं.

"मी म्हणालो, याला मशीनपासून दूर करतो. ते म्हणाले, 'सर, शेवटचा बेल्ट माझ्या हातात होता. तो गप्प राहिला असता तर कुणालाच कधी कळलं नसतं. त्याने माझा हात धरला. सहाही मशीन त्याला द्या.' मी विचारलं, का? म्हणाले, 'आता या कंपनीत त्याच्याइतकं सांभाळून कुणीच मोजणार नाही.'"

दोन वर्षं मी समजत होतो की त्या माणसाने माझी चूक लपवली, आणि तेवढ्यासाठीच मी त्याचे उपकार मानत होतो. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. सगळं जसंच्या तसं सांगून त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि मला कळूही दिलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मला जे काही चांगलं मिळालं, नोकरी, माणसांचा भरवसा, बाबांशी पुन्हा जमलेलं बोलणं, त्या सगळ्याचं मूळ त्या तंबूत आहे.

हॉल रिकामा झाल्यावर मी परत आत गेलो. कोटाची बटणं सोडली, पोटावरचा बेल्ट काढला आणि त्यांच्या बुटांशी ठेवला. मागे पावलं वाजली. कॅप्टन दारात उभे होते.

"बाहेर किती आहे, सार्जंट?" त्यांनी विचारलं. मला नुकतंच प्रमोशन मिळालं होतं.

"उणे छत्तीस, सर."

"आणि उद्या सकाळी मशीन कोण नेणार?"

"मी, सर."

"मग तो परत अंगावर घाल."

मी वाकून बेल्ट उचलला. जमिनीवर ठेवून मिनिटभर झालं असेल. अजून गरम होता.